शेवट ठाऊक असतो, तरीही
रसिकमनाचा शोध : लेखांक सहावा

रंगमंचावरचे दुःख खोटे आहे हे माहीत असूनही प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी का येते, याचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. त्याच्याच शेजारचा प्रश्न आज घेऊ. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा चित्रपट १९९५ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात त्याने डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे पूर्ण केले. त्या चित्रपटाचे नावच शेवट सांगून मोकळे होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते होत राहिले. सुभद्रा अखेर अर्जुनाचीच होणार, हे पहिल्या प्रयोगाच्या पहिल्या रांगेलाही ठाऊक होते. मग माणसे तिकीट काढून बघतात तरी काय? यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक म्हणजे लोकांना तेच ते आवडते. दुसरे म्हणजे गाणी आणि नटांसाठी प्रेक्षक बाकीचे चालवून घेतो. दोन्ही उत्तरांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : ठाऊक असलेला शेवट हा दोष आहे आणि प्रेक्षक तो सोसतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. शेवट ठाऊक असणे हे पुष्कळदा प्रेक्षकाचे भांडवल असते. नाट्यानुभवातले काही आनंद त्याच्याशिवाय मिळतच नाहीत.

आपल्या नाट्यविचाराने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात नायकाच्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. यातली चौथी अवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. नियताप्तीत फळ मिळणार हे निश्चित होते, पण ते अजून हाती आलेले नसते. म्हणजे ‘काय होणार’ या प्रश्नाचा निकाल लागल्यानंतरही नाटकाचा एक अख्खा टप्पा उरतो, आणि शास्त्रकाराने त्याला स्वतंत्र नाव दिले आहे. केवळ उत्सुकतेवर नाटक चालत असते, तर या टप्प्याला काही कामच उरले नसते. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसास्वादातल्या विघ्नांची चर्चा केली. दाखवलेली गोष्ट संभवनीयच न वाटणे हे त्यातले पहिले विघ्न. अलौकिक कृत्ये दाखवायची असतील तर रामासारखा आधीच लोकमान्य झालेला नायक घ्यावा, म्हणजे हे विघ्न दूर होते, असे तो सांगतो. यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. ओळखीच्या कथेत प्रेक्षकाची शक्ती ‘हे खरे वाटते का’ या तपासणीत खर्च होत नाही. ती सगळी भावनेच्या वाटचालीकडे वळते.

कालिदासाने हेच प्रत्यक्ष करून दाखवले. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत दुर्वासाचा शाप नाही आणि हरवलेली अंगठीही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो, पण भर सभेत ओळख नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावरच तिचा व मुलाचा स्वीकार करतो. दोघांचे मीलन होणार आणि भरत राजा होणार, हा शेवट कालिदासाने तसाच ठेवला. बदलला तो मधला रस्ता. शाप आला आणि दुष्यंताचा अपराध विस्मृतीचा झाला. अंगठी सापडल्यावर राजाला पश्चात्तापाचा एक अख्खा अंक मिळाला. मूळ कथा जाणणाऱ्या प्रेक्षकाला हा बदल जेवढा जाणवला असेल, तेवढा कथा पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला जाणवणे शक्य नव्हते. शेवट जागच्या जागी राहतो, म्हणूनच वाट बदलल्याचे कळते. ग्रीक शोकांतिकांची गोष्टही वेगळी नाही. ईडिपस कोण आहे आणि त्याच्या हातून काय घडले आहे, हे अथेन्सच्या प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक होते. तो स्वतः मात्र खुन्याचा शोध घेत एकेक पाऊल स्वतःकडेच येत राहतो. त्या शोधातली भीषणता फक्त जाणत्यालाच दिसते.

इथे ठाऊक असण्याचा पहिला मोठा फायदा समोर येतो. प्रेक्षक पात्रांपेक्षा जास्त जाणतो आणि त्या अंतरातून रस निर्माण होतो. ‘सौभद्रा’त हे फार सुंदर घडते. सुभद्रा दुर्योधनाला द्यायची असा बलरामाचा हट्ट आहे. कृष्णाच्या मसलतीने अर्जुन यतिवेष घेतो आणि त्या वेषावर भाळलेला बलराम आपल्या बहिणीला त्याच यतीच्या सेवेला नेमतो. ज्याला दूर ठेवायचे, त्याच्याच हाती तो तिला भक्तिभावाने सोपवतो. या प्रसंगात बलराम जितका गंभीर, तितकी खुमारी जास्त. पण ती चाखायला यती कोण आहे आणि पुढे काय होणार आहे, हे आधी कळलेले असावे लागते. नाटकात हे सारे जाणणारे एक पात्र आहे, ते म्हणजे कृष्ण. प्रेक्षक जणू त्याच्या शेजारी बसून खेळ बघतो. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ने १९६२ मध्ये हीच युक्ती गुन्हेगाराच्या बाबतीत वापरली. कोर्टात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे हाच तो ठक आहे, याबद्दल प्रेक्षकाला शंका नसते. फिरता रंगमंच सरकतो आणि तोच माणूस दिवाकर दातार, राधेश्याम महाराज, कॅप्टन अशोक परांजपे अशा वेगवेगळ्या रूपांत दिसतो. प्रभाकर पणशीकरांनी या भूमिका वर्षानुवर्षे केल्या. गुन्हेगार कोण हे लपवलेले नसल्यामुळेच प्रेक्षकाचे सगळे लक्ष त्याच्या बोलण्याच्या ढंगावर, साळसूद चेहऱ्यावर आणि अंगावर आलेला पुरावा झटकण्याच्या कसबावर राहते. हेच नाटक रहस्यनाटक म्हणून लिहिले असते, तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी बाकीचे सगळे अंक झाकून ठेवावे लागले असते.

दुसरा फायदा ताणाचा. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीतले उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगणीला लावतात. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट या दृष्टीने दुसऱ्यांदा पाहावा. हैदराबादच्या घरी आर्चीचा भाऊ प्रिन्स आपल्या माणसांसह येतो. माहेरून भेटवस्तू आल्या आहेत. लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेले आहे. आर्ची चहा ठेवते. पहिल्या वेळी आपण या दृश्यात अस्वस्थ असलो, तरी मनात कुठेतरी आशा असते, कारण तिच्याही मनात ती असते. पुढचा आघात आपल्याला बेसावध गाठतो. दुसऱ्या वेळी तेच दृश्य, तोच चहा, त्याच भेटवस्तू. पण आता प्रत्येक क्षण सोसवत नाही. आर्चीच्या चेहऱ्यावरची माहेरची ओढ पहिल्या वेळी एका नजरेत निसटून जाते, दुसऱ्या वेळी तीच काळीज कुरतडते. पहिल्या वेळचा धक्का ओसरला आहे आणि त्याच्या जागी करुणा आली आहे. दिग्दर्शकाने तिथे किती काळजीपूर्वक तपशील ठेवले आहेत, हे शेवट ठाऊक झाल्यावरच कळते.

हा सगळा अनुभव केवळ जाणकारांचा आहे का? प्रयोगशाळेतून आलेला काही पुरावा वेगळे सुचवतो. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बारा लघुकथांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कथा तीन प्रकारच्या होत्या : कलाटणी देणाऱ्या, रहस्याच्या आणि साहित्यिक वळणाच्या. काही वाचकांना कथेआधी एका परिच्छेदात शेवट सांगून टाकला. तिन्ही प्रकारांत अशा वाचकांनी कथांना सरासरी थोडी जास्त पसंती दिली. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. लघुकथा म्हणजे तीन तासांचे नाटक नव्हे, आणि नंतरच्या काही अभ्यासांत उलट कौलही मिळाला आहे. पण शेवट कळला की सगळे संपले, ही समजूत तितकी पक्की नाही एवढे यातून निश्चित दिसते. रिचर्ड गेरिग यांचे १९८९ चे प्रयोग आणखी आत नेतात. वाचकांना माहीत असलेल्या ऐतिहासिक घटनांवर, उदाहरणार्थ जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले यावर, त्यांनी असे उतारे दिले की ती घटना घडेल की नाही अशी हुरहूर लागावी. त्यानंतर ती घटना खरी का, एवढेच विचारले, तर वाचकांना उत्तराला जास्त वेळ लागला. ज्ञान पुसले गेले नव्हते. गोष्टीत शिरलेले मन क्षणभर त्या ज्ञानाकडे वळत नव्हते, इतकेच. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हे सांगावे लागत नाही. सम कुठल्या मात्रेवर आहे हे त्याला ठाऊक असते आणि आवर्तन संपताना गायक तिथे येणार हेही. तरी गायक कुठल्या वळणाने, किती आडवाटेने येऊन समेवर उतरतो, यासाठी त्याचा श्वास अडतो, आणि सम गाठली की दाद आपोआप जाते. सम ठाऊक नसलेल्याला ही दाद देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा : मग शेवट फोडणाऱ्यावर लोक चिडतात का? ‘सायको’ (१९६०) सुरू झाल्यावर कुणालाही चित्रपटगृहात सोडायचे नाही, असा आग्रह हिचकॉकनेच धरला होता. लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’च्या प्रयोगानंतर रहस्य फोडू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. अनपेक्षिताचा आनंद खरा आहे, आणि तो एकदाच मिळतो. ज्या लेखकाने तो जपून मांडला आहे, त्याचा तो हक्क आहे. आणि शेवट कधी कळून घ्यायचा हे ठरवणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. तो दुसऱ्याने हिरावून घेऊ नये. पण एका आनंदाचे रक्षण करावे म्हणून तोच एकमेव आनंद आहे असे ठरत नाही. ‘सायको’ आजही पुन्हा पाहिला जातो, आणि स्नानगृहात काय होणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्याआधीच्या साध्या संभाषणातही दचकतो. एकदा पाहून संपणारी रहस्यकथा आणि पुन्हा पाहावी अशी रहस्यकथा यांतला फरक इथेच दिसतो.

दुसरा आक्षेप जास्त कडवा आहे. ठरलेला शेवट म्हणजे निव्वळ दिलासा, आणि ठरलेल्या दिलाशाची सवय लागलेला प्रेक्षक आळशी होतो, असे म्हटले जाते. गोड शेवटांपुरते यात तथ्य आहे. पण मग शोकांतिकांचे काय करायचे? राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. सुधाकराच्या ओठाला पहिला प्याला लागतो, तिथेच त्याच्या आणि सिंधूच्या संसाराची राख दिसू लागते, आणि नाटक त्या राखेपर्यंत जातेही. ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) आप्पासाहेब बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना देऊन टाकतात, तेव्हाच पुढची वणवण प्रेक्षकाला कळून चुकते. या शेवटांत दिलासा नाही. लोक तरीही आले आणि पुन्हा आले, कारण नाश होणार हे कळल्यानंतर प्रत्येक प्रसंगात एकच प्रश्न उरतो : हा माणूस इथून परत फिरू शकला असता का? असा प्रश्न पडलेला प्रेक्षक आळशी नसतो. सुधाकराचा न्याय करायचा की कीव, हे त्याला स्वतःशीच ठरवावे लागते.

मग ठोकळेबाज चित्रपट कंटाळवाणे का होतात? दरवर्षी किती तरी चित्रपट त्याच गोड शेवटाने संपतात आणि पडतात. दोष शेवटाचा असता, तर ‘सौभद्र’ही पडले असते. याचे उत्तर सिंधुदुर्गातल्या दशावतारात फार स्पष्ट दिसते. जत्रेच्या रात्री देवळापुढे बसलेल्या गावाला आख्यान पाठ असते. राक्षस मरणार आणि देव जिंकणार यात फरक पडत नाही. पण संवाद लिहिलेले नसतात. देव आणि राक्षस समोरासमोर उभे राहतात आणि नट तिथल्या तिथे शब्दाला शब्द देतात. जो निरुत्तर होतो, तो आख्यानात जिंकला तरी प्रेक्षकांच्या मनातून उतरतो. शेवट ठरलेला असल्यामुळे सगळी कसोटी नटाच्या बुद्धीवर, वाणीवर आणि भूमिकेच्या समजेवर येते. ठाऊक असलेला शेवट कलावंताचे काम सोपे करत नाही, उलट अवघड करतो. उत्सुकतेच्या आधाराने कच्चा प्रसंगही निभावून जातो. तो आधार गेला की प्रत्येक प्रसंगाला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते. ठोकळेबाज चित्रपट शेवट उसना घेतो आणि त्याच्याबरोबर मधला रस्ताही उसना घेतो. कंटाळा येतो तो त्या रस्त्याचा.

म्हणून ‘शेवट अपेक्षित आहे’ एवढे लिहून परीक्षण संपवणे मला अपुरे वाटते. ते वाक्य निर्णय देत नाही, प्रश्न उघडते. शेवट अपेक्षित होता, तर त्या अपेक्षेचा उपयोग काय केला? ठाऊक असण्यामुळे एखाद्या पात्राची चूक, हट्ट किंवा आशा आपल्याला अधिक जवळून दिसली का? दिसली असेल, तर ती कलाकृती शंभर वेळा पाहिलेल्या शेवटानंतरही ताजी राहील. दिसली नसेल, तर कितीही मोठी कलाटणी तिला पहिल्या प्रयोगापलीकडे तारणार नाही. लेखकाने शेवट लपवावा की उघडा ठेवावा हा तंत्राचा भाग आहे. त्या शेवटापर्यंत जाताना माणूस दिसला की नाही, यावर रसिकाने अडून बसावे. आता यातूनच पुढचा प्रश्न निघतो. सुधाकराचा नाश होणार हे ठाऊक असताना आपण स्वखुशीने दुःख विकत घ्यायला जातो, आणि बाहेर पडताना समाधानी असतो. करुण रस आनंद कसा देतो, यावर आपल्या शास्त्रकारांमध्येही मतभेद होते. पुढच्या लेखांकात तो वाद पाहू.