अरण्यातील वाटांची प्रतवारी

नकाशावर रेघ दिसली म्हणजे तेथे वाट आहे इतके कळते. त्या वाटेने गाडी पार होईल की नाही, हे ती रेघ सांगत नाही. आपल्या गावनकाशाचेच पाहा. त्यात पायवाट एका तुटक रेषेने व गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवितात. वहिवाटीचा तंटा तोडण्यास हा पुरावा उत्तम. परंतु काळ्या रानातील त्याच पाणंदीत श्रावणात चाक आसापर्यंत रुतते, हे त्यावरून कोणास उमजणार?

या अडचणीवर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरकारी वनखात्याने काढलेली तोड आमच्या वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे. त्या खात्याकडे सुमारे 3,70,000 मैल वनमार्ग असून त्यांतील पुष्कळसे लाकूडतोडीच्या निमित्ताने पडलेले आहेत. खात्याने त्यांच्या 5 प्रती ठरविल्या. आपल्या बाजारात पहिली प्रत म्हणजे उत्तम माल. येथे क्रम उलटा आहे. पहिल्या प्रतीचा मार्ग वाहनांस बंद. दुसरीचा, ज्यांचा तळ जमिनीपासून उंच आहे अशा वाहनांपुरता राखलेला. तिसरीवर साधी मोटार जाते, पण हळू. मार्ग बहुधा एकपदरी असल्याने समोरून वाहन आल्यास बगलेच्या रुंद जागेत थांबावे लागते. चौथी व पाचवी सुखाच्या प्रवासाची. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्या व तिसऱ्या प्रतींच्या सीमेवर. तो टळावा म्हणून फाट्यावरील पाटीचीच युक्ती योजली आहे. मार्गाचा क्रमांक आडवा लिहिलेला असेल तर मार्ग साध्या मोटारीकरिता राखलेला समजावा. आकडे एकाखाली एक असतील तर साध्या मोटारवाल्याने माघारी फिरावे. शिवाय प्रत दोनदा नोंदवितात : आज मार्ग कसा राखला जातो ती एक, व पुढे कसा राखावयाचा ती दुसरी. नुसता संकल्पच नकाशावर चढविला तर वाटसरू फसावयाचाच.

ऋतूचीही दखल आहे. 2005 च्या नियमान्वये काढलेल्या मोफत नकाशांत कोणता मार्ग कोणत्या वाहनास व कोणत्या तारखांस खुला, हे दिलेले असते. मात्र खुला म्हणजे जाण्याजोगा असे नव्हे. नोव्हेंबर 2006 मध्ये ओरेगॉन संस्थानात एक कुटुंब डोंगर ओलांडून समुद्रकाठी जात असता रात्री बर्फात लाकूडतोडीच्या भलत्याच वाटेस लागले. हिवाळ्यात लावावयाचे तिचे फाटक उघडेच होते. पत्नी व दोन लहान मुली सुमारे 9 दिवसांनी जिवंत सापडल्या. मदत आणण्यास पायी निघालेला पिता थंडीने मरण पावला.

आपल्या पाणंदींची नोंद करावयाची झाल्यास ती आम्ही भर पावसाळ्यात, प्रत्यक्ष चालून करू. कोणत्या ओढ्यापर्यंत ट्रॅक्टर जातो, भरलेली बैलगाडी कोठे अडते, कोणत्या वळणावर मालमोटार फिरत नाही, हे पाहणीच्या तारखेसह गावनकाशाच्या नकलेवर लिहावे. वैशाखात पाहणी केली तर झाडून साऱ्या वाटा उत्तम ठरतात.