मॅडिसन : शहराआधी जन्मलेली राजधानी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. मेंडोटा आणि मोनोना या सरोवरांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर या शहराचा मध्यवर्ती भाग वसला आहे. १८३६ मध्ये राजधानी म्हणून या स्थळाची निवड झाली, तेव्हा येथे शहर नव्हते. होता तो केवळ नकाशा. येथील जमीन आधीच खरेदी केलेल्या जेम्स डोटी यांनी तो विधिमंडळापुढे मांडला. त्याच वर्षी निधन पावलेले माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचे नाव नियोजित नगराला मिळाले. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झाले आणि विद्यापीठही स्थापन झाले. शासन व विद्यापीठ हेच आजही शहराचे मुख्य आधार आहेत.

जुने विधानभवन १९०४ च्या आगीत जळाले. १९०६ ते १९१७ या काळात ग्रॅनाइटच्या घुमटाची सध्याची वास्तू उभी राहिली. हा घुमट झाकला जाऊ नये, यासाठी १९९० च्या कायद्याने एक मैल परिसरातील इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. मात्र २०१० मध्ये सुमारे २ लाख ३३ हजार असलेली लोकसंख्या २०२० मध्ये जवळपास २ लाख ७० हजार झाली. दोन्ही बाजूंना पाणी आणि वर कायद्याची मर्यादा. अशा स्थितीत नव्या घरांना जागा कोठून आणायची, हा मॅडिसनपुढील कळीचा प्रश्न आहे.