तबकडीच्या दारी मुदतीचा न्याय

एकाच हार्ड डिस्कवर अनेक प्रोग्राम हक्क सांगू लागले, म्हणजे त्यांच्या मागण्या दाखल करून घेऊन त्यांचा क्रम लावण्याचा अखत्यार कर्नेलकडे, अर्थात कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका प्रदक्षिणेस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि वाचणारे शीर्ष इकडून तिकडे नेण्यात आणखी वेळ खर्ची पडतो. म्हणून लिनक्समध्ये पूर्वी लिफ्टप्रमाणे, वाटेत लागेल ती मागणी आधी, असा शिरस्ता होता.

त्यात एक अन्याय दडलेला होता. तबकडीच्या एका भागात कुणी लेखनाचा सपाटा लावला, की दूरच्या कोपऱ्यातील एकुलती वाचनाची मागणी ताटकळत राही. वास्तविक लिहिणारा प्रोग्राम बहुधा आपला मजकूर कर्नेलच्या स्मृतीत सोपवून मोकळा होतो; वाचणाऱ्याचे पाऊल मात्र उत्तर हाती येईपर्यंत पुढे पडत नाही. हा भेद जाणून जेन्स अ‍ॅक्सबो यांनी रचलेल्या ‘डेडलाइन’ नियोजकाने वाचनास अर्ध्या सेकंदाची आणि लेखनास पाच सेकंदांची मुदत नेमली, व ती टळताच क्रम मोडून त्या मागणीकडे वळण्याचा नियम केला. वेगाच्या हिशेबात दुर्बलाची दाद लागावी, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. मुदत ही हमी नव्हे, हे खरे. डिस्कच मंद असेल तर कर्नेलचाही इलाज चालत नाही.