लहान संगणक घेताय? आधी प्रोसेसरच्या वॅटचा हिशेब करा

गल्ल्याच्या टेबलावर बिलाचा प्रिंटर, वजनकाटा आणि फोन ठेवल्यावर संगणकासाठी वीतभर जागा उरते. टेबलाखाली ठेवावयाचा पूर्वीचा उंच डबा तेथे मावत नाही. दवाखाना, झेरॉक्सचे दुकान, ट्रॅव्हल एजंटचे ऑफिस, फोटो स्टुडिओ, सगळीकडे हीच अडचण. म्हणून डब्याएवढा लहान संगणक असेंबल करून द्या, अशी मागणी अनेक व्यावसायिक करतात. मागणी योग्य आहे. पण लहान कॅबिनेटमध्ये मोठ्या संगणकाचाच प्रोसेसर जसाच्या तसा बसविला, तर मार्च-एप्रिलपर्यंत यंत्र झकास चालते आणि मे महिन्यात भर गिऱ्हाइकीच्या वेळी रखडू लागते. पैसे वेगाचे दिलेले असतात, हाती वेग येत नाही. हे नुकसान टाळण्यासाठी प्रोसेसर निवडताना कोणता हिशेब करावा, हे आम्ही येथे सांगत आहोत. दुकानदार आणि असेंबलिंगचा धंदा करणारे तरुण, दोघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

लहान म्हणजे किती?

२००१ साली व्हीया या तैवानच्या कंपनीने मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड आणला. तो १७ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद. त्यावर बसणारे व्हीयाचे प्रोसेसर वेगाने बेताचे, पण थंड होते; काहींना पंखाही लागत नसे. व्हीयाचे प्रोसेसर मागे पडले, बोर्डाचे माप मात्र आजही चालू आहे. त्याहून लहान यंत्रेही मिळतात. असरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० हा २ लिटरपेक्षाही कमी आकारमानाचा आहे. म्हणजे पाण्याच्या दोन बाटल्यांएवढ्या जागेत सारा संगणक.

एवढ्या जागेत हवा खेळण्यास वाव थोडा असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये वीतभर उंचीचा कुलर आणि दोन-तीन पंखे बसतात. डेस्कमिनी एक्स३०० मध्ये कुलरची उंची ४६ मिलिमीटरच्या आत असावी लागते. एएमडीच्या अनेक प्रोसेसरांबरोबर डब्यात येणारा रेथ स्टेल्थ कुलर सुमारे ५४ मिलिमीटर उंच आहे. तो तेथे बसत नाही आणि वेगळा कुलर घ्यावा लागतो. हा खर्च कित्येकदा कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो. म्हणून आधी कॅबिनेट पाहावे, त्यात किती उंचीचा कुलर बसतो ते पाहावे, आणि तो कुलर किती उष्णता बाहेर टाकू शकेल यावरून प्रोसेसर ठरवावा. आपल्याकडे बहुधा उलट्या क्रमाने खरेदी होते.

६५ वॅटचा शिक्का आणि प्रत्यक्ष खप

प्रोसेसरच्या माहितीत टीडीपी किंवा बेस पॉवर या नावाने एक आकडा असतो: ३५, ६५, १२५ वॅट. पुष्कळांची समजूत अशी की प्रोसेसर याहून अधिक वीज खात नाही. ही समजूत चुकीची आहे. कामाचा जोर आला की प्रोसेसर या आकड्यापलीकडे जातो. इंटेल ही वरची मर्यादा कमाल टर्बो पॉवर म्हणून वेगळी देते. कोअर आय५-१२४००, आय५-१३४०० आणि आय७-१४७०० या तिघांवरही ६५ वॅट असेच लिहिलेले आहे. त्यांची वरची मर्यादा मात्र अनुक्रमे ११७, १४८ आणि २१९ वॅट आहे. एकाच शिक्क्याखाली जवळपास दुपटीचा फरक!

एएमडीचा हिशेब थोडा सरळ आहे. तेथे वरची मर्यादा साधारणपणे टीडीपीच्या १.३५ पट असते. ६५ वॅटचा रायझन ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ वॅटचा १४२ वॅटपर्यंत आणि १७० वॅटचा २३० वॅटपर्यंत.

यात आणखी एक मेख आहे. इंटेलच्या योजनेनुसार वरच्या मर्यादेवर थोडाच वेळ राहून नंतर खाली यावयाचे असते. पण अनेक मदरबोर्ड ही वेळेची अट काढूनच येतात, म्हणजे चाचणीत बोर्ड वेगवान दिसतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे खपून जाते. लहानात प्रोसेसर तापतो, सुमारे ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोहोचतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. रखडणे म्हणतात ते हेच.

परदेशी चाचणी आणि आपला उन्हाळा

प्रोसेसरच्या परदेशी चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. आपले दुकान मालेगाव, जळगाव किंवा नागपुरात असेल तर मे महिन्यात आत ४० अंश असणे नवलाचे नाही. कुलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतील फरक कमी ठेवतो. त्यामुळे खोली जितके अंश तापेल, प्रोसेसर जवळजवळ तितकेच अंश अधिक तापतो. २२ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर समाधानाने चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या दुकानात ९५ अंशांवर जाईल. चाचणीत तो पास होता, आपल्याकडे नापास झाला.

त्यात धूळ आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या मागाच्या गावांत हवेत कापसाचे तंतू असतात. ते कुलरच्या पात्यांत अडकून काही आठवड्यांत त्याचे पांघरूण होते. लहान कुलरच्या फटी बारीक, म्हणून तो लवकर तुंबतो. मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेव्हा उष्णतेने वेग तर जातोच, यंत्राचे वयही जाते.

शेवटच्या वेगाची किंमत

प्रोसेसरचा वेग वाढवावयाचा तर त्याला व्होल्टेजही अधिक द्यावे लागते. विजेचा खप वेगाच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग १० टक्के वाढविण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले असे धरा. मग खप १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट झाला. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज! आता हाच हिशेब उलट करा. वेग १० टक्के कमी केला तर खप जवळजवळ २७ टक्के उतरतो.

लहान संगणकाचे सारे शास्त्र या एका हिशेबात आहे. प्रोसेसरला थोडा लगाम घातला तर काम किंचितच मंदावते, उष्णता मात्र बरीच उतरते. हा लगाम बायॉसमध्ये घालता येतो. इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर पॉवर लिमिट असते. एएमडीच्या रायझन ५, ५६००जी या प्रोसेसरला ४५ वॅटवर आणण्याची सोय कंपनीनेच ठेवली आहे.

यावरून ‘टी’ अक्षराच्या प्रोसेसरांचाही उलगडा होतो. आय५-१२४००टी हा ३५ वॅटचा म्हणून खास समजला जातो. वास्तविक तो त्याच घराण्यातला, लगाम घालूनच विकलेला प्रोसेसर आहे. त्याचीही वरची मर्यादा ७४ वॅट आहेच. हे ‘टी’ प्रोसेसर मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांसाठी असतात. किरकोळ बाजारात ते शोधत हिंडण्याची आणि जादा पैसे देण्याची गरज नाही. साधा १२४०० घेऊन बायॉसमध्ये ४५ किंवा ५० वॅटची मर्यादा घातली की काम भागते.

कोणत्या कामाला कोणता?

बिलिंग, जीएसटीचा भरणा, ईमेल आणि ब्राउझर एवढेच काम असेल तर चार कोअर पुरे. आय३-१२१०० हा चार कोअरचा, ६० वॅट बेस आणि ८९ वॅट कमाल असा प्रोसेसर या कामाला भरपूर आहे. त्याहून हलके काम असेल, केवळ पावत्या छापावयाच्या असतील, तर इंटेल एन१०० चा विचार करावा. २०२३ साली आलेल्या या प्रोसेसरचा टीडीपी ६ वॅट आहे आणि काही यंत्रांत तो पंख्याशिवाय चालतो. मात्र तो बोर्डावर कायमचा जोडलेला असतो आणि पुढे बदलता येत नाही, हे ध्यानात घेऊनच तो घ्यावा.

डीटीपी, फोटोचे काम, लग्नाचे अल्बम करणाऱ्यांनी सहा कोअर घ्यावेत. आय५-१२४०० किंवा रायझन ५, ५६००जी हे दोन्ही येथे चालतात. २०२४ च्या जानेवारीत आलेला रायझन ५, ८६००जी हा ६५ वॅटचाच, पण त्यातले ग्राफिक्स कितीतरी जोरदार आहे. त्याला डीडीआर५ मेमरी लागते, तेव्हा मेमरीचा त्या दिवशीचा भाव विचारून मगच निर्णय घ्यावा. या प्रोसेसरांचे ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरते. म्हणून १६ जीबी एकाच पट्टीत घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. वेगात फरक पडतो.

‘एफ’ अक्षराचा इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड बसविण्यास लहान डब्यात जागा नसेल तर पडद्यावर चित्रच येणार नाही. ‘के’ अक्षराचे १२५ वॅटचे प्रोसेसर लहान कॅबिनेटसाठी घेऊच नयेत.

ज्यांचे भांडवल कमी आहे त्यांनी कंपन्यांतून निघालेले, सुमारे एक लिटर आकाराचे जुने लेनोव्हो, डेल किंवा एचपीचे संगणक पाहावेत. त्यांत बहुधा ३५ वॅटचे ‘टी’ प्रोसेसर असतात आणि त्यांची हवेची रचना कंपनीनेच त्या मापाने केलेली असते. एक खबरदारी घ्यावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय५-८५००टी चालेल, आय५-६५००टी कितीही स्वस्त दिला तरी विंडोजवर काम करणाऱ्याने घेऊ नये.

वीज किती वाचते?

विजेच्या बिलात फार मोठी बचत होईल असे आम्ही सांगणार नाही. सरासरी ३० वॅटचा फरक पडला, संगणक रोज १० तास आणि वर्षात ३०० दिवस चालला, तर ९० युनिट वाचतात. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहा. १० रुपये दर धरला तर वर्षाला ९०० रुपये. खरा लाभ लाईट जाते तेव्हा दिसतो. भार निम्मा झाला की तोच यूपीएस दुपटीहून थोडा अधिक वेळ टिकतो. अर्धवट राहिलेले बिल पुरे करून संगणक नीट बंद करता येतो, आणि ज्या गावी वीज वरचेवर जाते तेथे या काही मिनिटांना मोल आहे.

असेंबल करणाऱ्यांस दोन शब्द

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणून आपल्या गावी संगणक जोडून देणारे अनेक तरुण आहेत. या धंद्यात एकेका यंत्रावर नफा थोडा आणि सारी मदार नावावर. गिऱ्हाइकाने मोठा आकडा मागितला की तो बसवून देणे सोपे असते. पण मेमध्ये तक्रार आली की फेऱ्या आपल्यालाच माराव्या लागतात, आणि एक नाराज दुकानदार सगळ्या बाजारपेठेला सांगतो. म्हणून आमची सूचना अशी:

१) मशीन देण्यापूर्वी झाकण लावून, सर्व कोअरवर अर्धा तास पूर्ण भार द्यावा आणि तापमान मोजावे. झाकण उघडे ठेवून घेतलेली चाचणी फोल आहे.

२) त्या वेळचे खोलीचे तापमान लिहून ठेवावे. खोली २८ अंश असेल तर उन्हाळ्यासाठी निकालात किमान १२ ते १५ अंश मिळवावेत. बेरीज ९० च्या वर गेली तर पॉवर लिमिट खाली आणावे.

३) बायॉस अद्ययावत करूनच मशीन द्यावे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने दुरुस्ती बायॉसमार्फतच दिली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. जुना बायॉस असलेल्या बोर्डाला ही दुरुस्ती मिळालेली नसते.

४) कोटेशनमध्ये कुलर वेगळा दाखवावा आणि घातलेली वॅटची मर्यादा बिलावर लिहून द्यावी. उद्या दुसऱ्या कोणी बायॉस बदलला तर आपली बाजू स्वच्छ राहते.

दुकानदारांनी मशीन घेताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. या प्रोसेसरची वरची मर्यादा किती वॅट? या कॅबिनेटचा कुलर तेवढी उष्णता बाहेर टाकतो का? झाकण लावून घेतलेल्या चाचणीत तापमान किती आले? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर व्यवहार पक्का करावा. ‘काही होत नाही, चालते’ असे उत्तर मिळाले तर आगाऊ रक्कम खिशातच ठेवून दुसऱ्या दुकानात चौकशी करावी.