बाळंतपणाची बेगमी सुगीतच करा

सून श्रावणात बाळंत व्हायची असेल, तर नेमकी तेव्हाच खुरपणी अंगावर येते. तिच्या जागी मजूर लावावा लागतो. हा खर्च कुणी हिशेबात धरतच नाही! म्हणून तूर-हरभरा विकताच निदान सहा आठवड्यांची मजुरी बाजूला काढा. ज्वारी, तूरडाळ, गूळ, अळीव, सरपण पावसाआधी भरा. गुरांचा कडबाही झाकून ठेवा.

पात्र पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, पण दोन हप्त्यांत. ३,००० नोंदणी व तपासणीनंतर; उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. तेव्हा बाळंतपणाच्या खर्चासाठी त्यावर विसंबू नका. आशाताईंकडे नाव लवकर घाला. बँकखाते सुनेच्याच नावाचे, आधारशी जोडलेले हवे. सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ नंबरची गाडी फुकट येते.