पट्टा आवळण्याआधी

सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला लागलं की राखोलीला दमणगंगा ओलांडावी लागते. आसपास धाग्याचे कारखाने आणि त्यांच्या पाळ्या, जरा आत शिरलं की वारली, कोकणा, धोडियांचे पाडे. पाळी सुटल्यावर जिम गाठणाऱ्या इथल्या पोरांच्या मोबाइलवरही जगभरातले व्हिडिओ येतातच. त्यातला एक प्रकार असा: दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला पट्टा आवळायचा आणि हलकं वजन उचलायचं. थोडक्या वजनात भरपूर बॉडी, हे त्याचं आमिष.

आमिष खोटं नाही. योशिआकी सातो या जपानी तरुणाला 1966 मध्ये एका बौद्ध विधीत गुडघे मुडपून बराच वेळ बसावं लागलं. पोटऱ्या बधिर झाल्या, फुगल्या, आणि त्याला वाटलं, दणकून व्यायाम केल्यावर अगदी असंच होतं. मग त्याने स्वतःच्याच अंगावर प्रयोग सुरू केले. 1973 मध्ये स्कीइंग करताना पायाला जबर दुखापत झाली, तेव्हा पट्टे बांधून त्याने स्नायू टिकवले. या पद्धतीला त्याने ‘कात्सू’ नाव दिलं. आज गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट ती वापरतात, कारण सांध्यावर भार न घालता स्नायू राखता येतो. एरवी स्नायू वाढवायला कमाल वजनाच्या सत्तरेक टक्के उचलावं लागतं, इथे 20 ते 30 टक्के पुरतं. म्हणजे एका वेळी जेमतेम 30 किलो उचलणाऱ्याच्या हातात सहा ते नऊ किलो.

वजन हलकं म्हणून हृदयालाही हलकं, असा समज मात्र करून घेऊ नये. पट्टा नीट बांधला असेल तर धमनीतून रक्त थोडंफार आत येत राहतं, पण शिरेतून परतीची वाट जवळपास बंद होते. नेहमीचा क्रम 30, 15, 15, 15 असा, मध्ये अर्धा मिनिट विसावा आणि त्या विसाव्यातही पट्टा तसाच. पहिल्या फेरीला काही वाटत नाही. दुसरीत शिरा दोरीसारख्या वर येतात, कातडी काळपट लाल होते. तिसरीत जी आग होते ती सहा किलोची वाटतच नाही. (हात लाल न होता पांढराफटक पडला, तर धमनीच बंद झाली आहे. पट्टा लगेच सोडावा.)

आत काय चाललंय? रक्त हातापायात अडकल्यामुळे हृदयाकडे कमी परततं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. शिवाय स्नायूत साठलेली आम्लं तिथल्या बारीक मज्जातंतूंना डिवचतात. मेंदूला निरोप जातो, इतर रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो. आलम आणि स्मर्क यांनी 1937 मध्ये हेच दाखवलं होतं: व्यायाम थांबला तरी पट्टा आवळलेला ठेवला, तर चढलेला दाब खाली येत नाही. सोडला की उतरतो. कधी इतका झपकन की भोवळ यावी.

तुलनेसाठी दुसरं टोकही पाहायला हवं. 1985 मध्ये कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून दाब मोजला. पायांनी जड वजन ढकलताना सरासरी 320/250 भरला, एकाचा तर 480/350 च्या वर गेला. श्वास कोंडून जोर लावल्याचा तो परिणाम. तिथवर हलक्या वजनाचा पट्टा सहसा जात नाही. पण तेवढंच वजन पट्ट्याविना उचललं असतं तर दाब याहून बराच कमी राहिला असता. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या चाळिशीच्या सुपरवायझरने ही दुसरी तुलना लक्षात ठेवावी.

पट्टा किती आवळायचा? धमनी पूर्ण बंद व्हायला ज्याला जेवढा दाब लागतो, त्याच्या 40 ते 80 टक्के. तो आकडा माणसागणिक, अवयवागणिक, पट्ट्याच्या रुंदीगणिक बदलतो आणि डॉप्लरने मोजावा लागतो. इलॅस्टिकची पट्टी गुंडाळून अंदाजाने खेचणं म्हणजे काटा नसलेला तराजू. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी पाहणीत, बारा हजारांवर लोकांमध्ये, त्वचेखाली रक्त साकळण्याचं प्रमाण 13 टक्के होतं, शिरेत गुठळी होण्याचं 0.055 टक्के. आकडे धीर देणारे आहेत, पण ते जपानी रक्ताचे आहेत.

राखोलीचा प्रश्न इथे सुरू होतो. भारतात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली नोंद 1952 ची, लेहमन आणि कटबुश यांची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. पुढे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो सापडत गेला. राखोली ज्यात आहे ती दादरा-नगर हवेलीही त्याच पट्ट्यात येते. महाराष्ट्रात या आजारावर आयुष्य वेचणाऱ्या डॉ. सुदाम काटे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. या रुग्णांच्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू घटला, आम्लता वाढली की गोठल्यासारखं होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आवळलेल्या पट्ट्याखाली नेमकं हेच दोन्ही घडवून आणायचं असतं! म्हणूनच हा पट्टा कुणी वापरू नये याच्या याद्यांत सिकलसेल असतो.

आजारी माणूस बहुधा जिममध्ये येतच नाही. येतो तो वाहक: आई-बापांपैकी एकाकडूनच जनुक मिळालेला, धडधाकट, स्वतःला काही आहे याची गंधवार्ता नसलेला. वाहकाला घाबरवायचं कारण नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या 2016 मधल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यू जास्त आढळले नाहीत. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरण्याचा धोका मात्र 54 टक्क्यांनी जास्त निघाला. तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेने 2010 पासून वरच्या गटातल्या खेळाडूंची सिकल तपासणी सक्तीची केली, तीही एका फुटबॉलपटूच्या मृत्यूनंतर.

आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं. प्राथमिक तपासणी साधी आहे: बोटातून काढलेलं थोडं रक्त द्रावणात टाकायचं आणि नळीमागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. मात्र ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. वाहक निघालेल्याने जिम सोडायची गरज नाही. भरपूर पाणी, फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती, उन्हाळ्यात बेताने, आणि पट्टा न बांधता नेहमीची वजनं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने स्वतःहून पट्टा काढलाच, तर तो रिपोर्ट त्यांना आधी दाखवावा.