वीण कुठे उसवते, कुठे थांबते

मंडळी, आपण स्वेटर विणतो आणि मासे धरायचं जाळंही विणतो. मराठीत शब्द एकच, पण विणी दोन. त्यातला फरक कळला की दुरुस्तीचं शास्त्रही कळतं.

स्वेटरच्या विणीत गाठ नसते. एका टाक्यातून दुसरा टाका ओढून काढलेला असतो, म्हणून एक सुटला की पुढचे सुटत जातात. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात गर्न्सी नावाचं बेट आहे. तिथल्या खलाशांच्या लोकरी स्वेटरची बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात. का? तर आधी झिजतं ते मनगट. तेवढंच उसवायचं आणि पुन्हा विणायचं. विणीचा दोष त्यांनी सोयीचा करून घेतला.

आता आपल्याकडे या. वडगावहून भिगवणकडे गेलात की उजनीचं पाणी लागतं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि इंदापूरच्या कडेला मासेमारी वाढली. इथलं जाळं गाठीचं. जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात. सूत पट्टीवरून घ्यायचं. जेवढी पट्टी रुंद तेवढा आस मोठा. सुई वरच्या आसातून काढायची, अंगठ्यानं दाबायचं, सुताचा फास बाजूला टाकायचा, सुई आसाच्या दोन्ही पदरांमागून नेऊन फासातून काढायची आणि आवळायची. दोन दोर जोडताना खलाशी हीच गाठ मारतात. नायलॉन निसरडं, म्हणून त्याला दुहेरी गाठ. प्रत्येक आस असा बांधलेला असल्यामुळे एक तुटला तरी शेजारचा टिकतो.

मग भोक पडलं तर? आधी ते थोडं मोठं करावं लागतं! प्रत्येक गाठीला चार पदर असतात. कडेचे तुटके पदर कापून काढायचे. तीन पदर उरलेल्या गाठीपासून विणायला लागायचं आणि तशाच दुसऱ्या गाठीवर संपवायचं. म्हणजे कुठेही पदर लोंबत राहत नाही.

जाळी आता यंत्रावर विणलेली मिळतात. पण काठावर फाटलेलं जाळं सांधायला यंत्र येत नाही, तिथे हातच लागतो. सुताचं जाळं पाण्यात राहिलं तर कुजायचं. नायलॉन कुजत नाही. टाकून दिलेला तुकडा पाण्यात मासे अडकवतच राहतो, आणि ते कुणाच्याच ताटात येत नाहीत. म्हणून विणणं यंत्राकडे गेलं तरी सांधणं आपल्या हातात राहिलं पाहिजे.